जीवनानुकरणात्मक संगणक खेळातील कार्यक्षमता व स्थैर्य : 'द सिम्स ३' – एक अभ्यास

प्रस्तावना

आजच्या युगात संगणकाने मानवी जीवनाची बहुतेक सर्व क्षेत्रे व्यापली आहेत. मनोरंजनाचे क्षेत्रही त्यास अपवाद नाही. तथापि संगणक खेळांकडे आपल्याकडे केवळ करमणुकीचे, किंबहुना वेळेचा अपव्यय करणारे साधन म्हणून पाहिले जाते. परिणामी या खेळांच्या अंतरंगात दडलेले संगणकशास्त्राचे मूलभूत प्रश्न अभ्यासकांच्या दृष्टीस सहसा पडत नाहीत. 'लाइफ सिम्युलेशन' अर्थात जीवनानुकरण या प्रकारातील खेळ या दृष्टीने विशेष लक्षणीय आहेत. या खेळांत शत्रूला मारणे, शर्यत जिंकणे असे अंतिम ध्येय नसते. माणसे जन्मतात, शिकतात, नोकरी करतात, संसार थाटतात, वृद्ध होतात आणि मृत्यू पावतात; त्यांच्या या जीवनक्रमाची मांडणी करणे हाच खेळ असतो.

अशा खेळात खेळाडूची गुंतवणूक दीर्घकालीन असते. एखाद्या खेळाडूने अनेक महिने खपून एका काल्पनिक कुटुंबाच्या चार पिढ्या वाढवलेल्या असतात. एके दिवशी खेळ जतन करताना पडद्यावर 'त्रुटी क्रमांक १२' असा संदेश येतो, जतन करण्याची क्रिया अपुरी राहते आणि त्या बैठकीतील सर्व श्रम वाया जातात. वास्तविक त्याचा संगणक नवा असतो, त्यात १६ जीबी रॅम असते, ग्राफिक्स कार्डही उत्तम असते. असे असताना २००९ साली प्रसिद्ध झालेला एक जुना खेळ त्याला का पेलू नये, असा प्रश्न साहजिकच निर्माण होतो. प्रस्तुत लेखात 'द सिम्स ३' या खेळाच्या आधारे या प्रश्नाचा ऊहापोह केला आहे.

लेखाची उद्दिष्टे

१) जीवनानुकरणात्मक खेळाच्या अंतर्गत रचनेचा थोडक्यात परिचय करून देणे.
२) कार्यक्षमता व स्थैर्य या दोन संकल्पनांतील भेद स्पष्ट करणे.
३) खेळ मंदावण्याची व बंद पडण्याची कारणे शोधून त्यांवरील उपाय योग्य क्रमाने मांडणे.
४) या उदाहरणाची संगणकशास्त्राच्या अध्यापनातील उपयुक्तता दर्शविणे.

पार्श्वभूमी

'मॅक्सिस' या कंपनीची स्थापना विल राइट व जेफ ब्रॉन यांनी अमेरिकेत १९८७ साली केली. १९८९ मध्ये आलेल्या 'सिमसिटी' या नगररचनेच्या खेळाने राइट यांना ख्याती मिळवून दिली. १९९१ साली कॅलिफोर्नियातील ओकलंड परिसरात लागलेल्या भीषण आगीत राइट यांचे घर भस्मसात झाले. संसार पुन्हा उभारताना माणसाला नेमक्या कोणत्या वस्तू लागतात व का लागतात, या विचारातून घर आणि माणूस यांच्याविषयीचा खेळ निर्माण करण्याची प्रेरणा त्यांना मिळाली. १९९७ मध्ये 'इलेक्ट्रॉनिक आर्ट्‌स'ने मॅक्सिस विकत घेतली आणि फेब्रुवारी २००० मध्ये 'द सिम्स' हा खेळ बाजारात आला. त्यानंतर २००४ मध्ये दुसरा, जून २००९ मध्ये तिसरा आणि सप्टेंबर २०१४ मध्ये चौथा भाग प्रसिद्ध झाला.

या मालिकेच्या रचनेत एक मार्मिक युक्ती आहे. खेळातील पात्राला, म्हणजे 'सिम'ला, सर्व ज्ञान दिलेले नसते. ते वस्तूंमध्ये साठवलेले असते. फ्रिज जणू आपल्या आसपासच्या पात्रांना सांगतो, की 'माझ्याजवळ आल्यास भूक भागेल'. पलंग सांगतो, की 'येथे थकवा जाईल'. प्रत्येक पात्र आपल्या गरजांची तीव्रता आणि वस्तूंचे हे आवाहन यांचा मेळ घालून पुढील कृती ठरविते. 'द सिम्स ३' मध्ये भूक, झोप, स्वच्छता, करमणूक, सहवास व शौच अशा सहा गरजा आहेत. शिवाय प्रौढ पात्राला पाच स्वभाववैशिष्ट्ये दिलेली असतात आणि तीही निर्णयावर प्रभाव टाकतात. या पद्धतीचा मोठा लाभ असा, की नवी वस्तू खेळात आणताना पात्रांची मूळ रचना बदलावी लागत नाही. मात्र वस्तू जितक्या अधिक, तितका प्रत्येक निर्णयामागील हिशेबही अधिक. समजा, एका घरात ८ पात्रे व २०० वस्तू आहेत. प्रत्येक पात्राने प्रत्येक वस्तूचा एकदाच विचार करावयाचा म्हटले तरी १,६०० तुलना होतात. खेळाची आज्ञावली यात अनेक काटछाटी करते हे खरे. तथापि पात्रे व वस्तू यांच्या संख्यांचा गुणाकार हा या खेळाचा स्थायीभाव आहे.

खुल्या गावाची किंमत

पहिल्या दोन भागांत प्रत्येक घर हे स्वतंत्र विश्व होते. एका घरात खेळ सुरू असताना शेजारची घरे जणू गोठलेली असत. दुसऱ्या घरी जावयाचे तर पडदा काही काळ स्थिर होई आणि ते घर नव्याने मेमरीत आणले जाई. तिसऱ्या भागाने ही भिंत पाडली. खेळाडूचे पात्र घरातून निघून रस्त्याने चालत बागेत, ग्रंथालयात किंवा शेजाऱ्याकडे कोणत्याही खंडाशिवाय जाऊ लागले. त्याच वेळी गावातील इतर कुटुंबांचे जीवनही चालू राहू लागले. त्यांच्या नोकऱ्या, विवाह, अपत्यजन्म, स्थलांतर व मृत्यू या घटना खेळाडूच्या अनुपस्थितीत घडू लागल्या. या व्यवस्थेस 'स्टोरी प्रोग्रेशन' असे म्हणतात.

गावातील सर्व पात्रांचे अनुकरण सारख्याच बारकाईने होत नाही. खेळाडूच्या कुटुंबाकडे पूर्ण लक्ष दिले जाते, तर दूरच्या पात्रांचा हिशेब ढोबळमानाने केला जातो. तरीही पात्राने ठरविलेल्या ठिकाणी जाण्यासाठी त्याला वाट शोधून द्यावीच लागते. मार्गनिश्चिती हे या खेळातील सर्वांत खर्चिक कामांपैकी एक काम आहे. वाट सापडली नाही तर पात्र पुन:पुन्हा प्रयत्न करते आणि प्रत्येक निष्फळ प्रयत्न प्रोसेसरचा वेळ घेतो. २०१३ मधील 'आयलंड पॅराडाइज' या विस्तार संचासोबत आलेले 'इस्ला पॅराडिसो' हे गाव याचे प्रसिद्ध उदाहरण होय. अनेक बेटे, समुद्र, होड्या व तरंगती घरे यांमुळे तेथे पात्रे अडकून पडत आणि संपूर्ण गावाचा खेळ अडखळत असे. नेत्रसुखद असूनही हे गाव खेळाडूंमध्ये मंदगतीसाठी ओळखले गेले.

त्यातच २००९ ते २०१३ या काळात या खेळासाठी एकूण ११ विस्तार संच प्रसिद्ध झाले. पाळीव प्राणी, ऋतू, विद्यापीठ, अतिमानवी पात्रे असे प्रत्येक संचाने काही ना काही जोडले. प्रत्येक भर स्वतंत्रपणे माफक होती; परंतु ती सर्व एकाच गावात, एकाच वेळी जिवंत ठेवावयाची असल्याने एकत्रित भार मूळ आराखड्याच्या पलीकडे गेला.

कार्यक्षमता आणि स्थैर्य : दोन भिन्न संकल्पना

व्यवहारात 'खेळ नीट चालत नाही' या एका वाक्यात अनेक दोष कोंबले जातात. उपाययोजनेच्या दृष्टीने त्यांची फोड करणे आवश्यक आहे.

पहिली बाब म्हणजे चित्रगती, अर्थात दर सेकंदाला पडद्यावर उमटणाऱ्या चित्रांची संख्या. सेकंदाला ६० चित्रे हवी असतील तर एका चित्रासाठी सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. ३० चित्रे पुरेशी मानल्यास ही मुदत सुमारे ३३.३ मिलिसेकंद होते. हे काम प्रामुख्याने ग्राफिक्स कार्डाचे आहे.

दुसरी बाब म्हणजे अनुकरणगती. पात्रांचे निर्णय, त्यांच्या वाटा, गरजा, नातेसंबंध यांचा हिशेब प्रोसेसर करतो. या हिशेबाचा मोठा भाग एकामागून एक अशा क्रमाने चालतो; त्यामुळे प्रोसेसरमधील कोअरची संख्या वाढविल्याने त्याला फारसा लाभ होत नाही. एकेका कोअरचा वेग येथे महत्त्वाचा ठरतो. चित्रगती उत्तम असूनही पात्र आज्ञा मिळाल्यावर बराच वेळ नुसतेच उभे राहते, असा अनुभव येतो तेव्हा दोष अनुकरणगतीत असतो. अशा वेळी महागडे ग्राफिक्स कार्ड घेणे म्हणजे डोकेदुखीवर पायाला लेप लावण्यासारखे आहे.

तिसरी बाब म्हणजे स्थैर्य. खेळ मंद असला तरी तो न कोसळता चालू राहणे आणि जतन केलेली फाईल पुन्हा उघडणे म्हणजे स्थैर्य. अतिशय वेगाने चालणारा खेळ अस्थिर असू शकतो, तर संथ खेळ पूर्णत: स्थिर असू शकतो. खेळाडूचे वेगाअभावी होणारे नुकसान काही क्षणांचे असते. स्थैर्याअभावी होणारे नुकसान काही महिन्यांचे असू शकते. म्हणून दोहोंत निवड करण्याची वेळ आल्यास प्राधान्य स्थैर्यालाच दिले पाहिजे.

मेमरीची मर्यादा

प्रारंभी उल्लेखिलेल्या 'त्रुटी क्रमांक १२' चे मूळ मेमरीत आहे. 'द सिम्स ३' ची विंडोजवरील आवृत्ती ३२-बिट स्वरूपाची आहे. ३२-बिट आज्ञावलीला मेमरीतील प्रत्येक स्थानाचा पत्ता ३२ द्विमान अंकांत लिहावा लागतो. असे एकूण पत्ते २ चा ३२ वा घात, म्हणजे ४,२९,४९,६७,२९६ इतकेच होतात. याचाच अर्थ अशी आज्ञावली जास्तीत जास्त ४ जीबी मेमरी हाताळू शकते. विंडोजमध्ये ३२-बिट आज्ञावलीच्या वाट्याला सामान्यत: त्यातील २ जीबीच येते, ६४-बिट विंडोजवर विशेष खूण असलेल्या आज्ञावलीस ४ जीबीपर्यंत मजल मारता येते.

संगणकात १६ किंवा ३२ जीबी रॅम बसविली तरी ही मर्यादा हलत नाही. आपल्याकडे 'आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार' अशी म्हण आहे. येथे स्थिती नेमकी उलट आहे. आड काठोकाठ भरला आहे, परंतु पोहराच लहान आहे. अर्थात रॅम अत्यंत कमी असल्यास ती वाढविणे उपयुक्तच ठरते, कारण कार्यप्रणाली व इतर आज्ञावल्या यांनाही मेमरी लागते. मात्र एका मर्यादेनंतर नव्या रॅमचा या खेळाला काहीही उपयोग होत नाही.

याशिवाय एक सूक्ष्म अडचण असते. दीर्घकाळ खेळ चालू राहिल्यास मेमरी घेणे व सोडणे या क्रिया असंख्य वेळा होतात आणि मोकळी जागा तुकड्यातुकड्यांत विखुरली जाते. एकूण जागा शिल्लक असूनही सलग मोठा तुकडा मिळत नाही. खेळ जतन करताना अशा जागेची अधिक गरज भासते. म्हणूनच तासन्‌तास सुरळीत चाललेला खेळ नेमका जतन करतानाच कोसळतो. ज्या क्षणी श्रम सुरक्षित व्हावयाचे, तोच क्षण सर्वाधिक धोक्याचा ठरावा, ही या रचनेतील मोठी शोकांतिका होय.

ॲपलच्या संगणकांवर हा प्रश्न वेगळ्या प्रकारे सुटला. २०१९ मध्ये आलेल्या 'कॅटालिना' या कार्यप्रणालीने ३२-बिट आज्ञावल्या चालविणे बंद केले. त्यानंतर २०२० मध्ये त्या संगणकांसाठी 'द सिम्स ३' ची ६४-बिट आवृत्ती प्रसिद्ध करण्यात आली. विंडोजवरील खेळाडूंना मात्र जुन्या मर्यादेतच मार्ग काढावा लागला.

साचत जाणारा भार

'थेंबे थेंबे तळे साचे' हे वचन बचतीच्या संदर्भात उच्चारले जाते. येथे ते उपद्रवाच्या संदर्भात लागू पडते. नवे गाव नेहमीच चपळ असते. जसजशा पिढ्या उलटतात, तसतशी जतन केलेल्या फाईलमध्ये अनावश्यक माहिती साठत जाते. सेवेकरी म्हणून निर्माण झालेली घर नसलेली पात्रे, रस्त्यांवर सोडून दिलेली वाहने, पात्रांच्या संग्रहातील शेकडो वस्तू, दिवंगत पात्रांच्या वंशावळीची नोंद या सर्वांचा त्यात समावेश होतो. २०११ मधील 'जनरेशन्स' या संचाच्या काळात 'मेमरीज' अर्थात आठवणींची सोय आली. प्रथम भेट, पदोन्नती अशा प्रसंगांची छायाचित्रांसह नोंद होऊ लागली आणि जतन फाईलचा आकार वाढू लागला.

म्हणूनच कार्यक्षमतेचा विचार करताना केवळ यंत्राकडे पाहून चालत नाही. तोच संगणक, तोच खेळ, परंतु नवे गाव उघडल्यास तो सुरळीत चालतो आणि जुने गाव उघडल्यास अडखळतो, असे आढळल्यास दोष यंत्राचा नसून त्या गावाच्या साचलेल्या इतिहासाचा आहे, हे निश्चित समजावे. ही चाचणी अत्यंत सोपी, विनाखर्च आणि निर्णायक आहे.

उपाययोजना

उपायांची निवड करताना काही पथ्ये पाळणे हितकारक ठरते. एका वेळी एकच बदल करावा, बदलापूर्वी व नंतर निरीक्षण करावे आणि कोणताही प्रयोग करण्यापूर्वी जतन फाईलची प्रत काढावी. या तत्त्वानुसार उपायांचा क्रम पुढीलप्रमाणे मांडता येईल.

१) सुरक्षित जतन : प्रत्येक वेळी जुन्याच नावावर न जतन करता 'सेव्ह ॲज' हा पर्याय वापरून क्रमांकयुक्त नव्या नावाने जतन करावे. खेळ मागील आवृत्तीची एक राखीव प्रत स्वत: ठेवतो, पण एकाच प्रतीवर विसंबणे योग्य नाही. महत्त्वाच्या प्रती वेगळ्या डिस्कवर ठेवाव्यात. वीजपुरवठा वारंवार खंडित होणाऱ्या भागांत हे पथ्य अधिकच आवश्यक आहे. या उपायाने वेग तसूभरही वाढत नाही. तरीही तो प्रथम क्रमांकावर आहे, कारण पुढील सर्व उपाय फसले तरी मागे परतण्याची वाट त्यानेच उघडी राहते.

२) बैठकीची मर्यादा : विंडोजमधील 'टास्क मॅनेजर' या सोयीद्वारे खेळाने व्यापलेली मेमरी पाहता येते. ती ३ जीबीच्या पुढे सरकू लागल्यास खेळ जतन करून पूर्णपणे बंद करावा व पुन्हा सुरू करावा. विखुरलेली मेमरी त्यामुळे मोकळी होते.

३) कॅश फाईली काढणे : खेळ वेग वाढविण्यासाठी काही माहिती तात्पुरत्या फाईलींत साठवून ठेवतो. कालांतराने त्या फुगतात किंवा जुन्या माहितीमुळे दोष निर्माण करतात. 'डॉक्युमेंट्स' फोल्डरमधील खेळाच्या फोल्डरात 'सिम-कंपोझिटर-कॅश', 'कास-पार्ट-कॅश', 'स्क्रिप्ट-कॅश' यांसारख्या नावांच्या पाच फाईली असतात. खेळ बंद असताना त्या काढून टाकल्यास पुढील वेळी खेळ त्या नव्याने तयार करतो. जतन केलेल्या खेळास यामुळे बाधा येत नाही.

४) चित्रगतीवर लगाम : 'द सिम्स ३' मध्ये चित्रगतीला अंगभूत मर्यादा नसल्याने शक्तिमान ग्राफिक्स कार्ड साध्या दृश्यासाठीही सेकंदाला शेकडो चित्रे निर्माण करीत राहते. डोळ्यांना त्याचा उपयोग नसतो. कार्ड मात्र तापते. ज्या प्रदेशात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, अशा विदर्भासारख्या भागात ही बाब दुर्लक्षिण्याजोगी नाही. ग्राफिक्स कार्डाच्या नियंत्रण आज्ञावलीतून चित्रगती ६० वर मर्यादित केल्यास उष्णता घटते व अचानक बंद पडण्याचे प्रमाण कमी होते.

५) दृश्य तपशिलांत कपात : पाण्यातील प्रतिबिंबे, झाडांचा तपशील, सावल्या आणि पूर्ण बारकाव्यासह दिसणाऱ्या शेजारच्या घरांची संख्या कमी करावी. शेवटचा घटक विशेष परिणामकारक आहे, कारण प्रत्येक घरासोबत त्यातील वस्तू व त्यांची चित्रे मेमरीत येतात.

६) गावाचा भार हलका करणे : 'आठवणीं'ची सोय बंद करावी, वापरात नसलेले विस्तार संच स्थापित करू नयेत, पात्रांच्या संग्रहातील अनावश्यक वस्तू विकून टाकाव्यात. अडकलेल्या पात्राला 'रीसेट-सिम' या आज्ञेने मोकळे करता येते. सर्व उपाय थकल्यास कुटुंब नव्या गावात हलविणे हा अखेरचा मार्ग उरतो. त्यात वेग परत मिळतो. परंतु जुन्या गावातील मित्र व नातलगांशी असलेले संबंध तुटतात. स्थलांतराची ही किंमत खेळाडूने जाणीवपूर्वक मोजावयाची असते.

७) यंत्रसामग्रीत बदल : हा उपाय हेतुत: शेवटी ठेवला आहे. हार्ड डिस्कऐवजी एसएसडी बसविल्यास खेळ उघडण्याचा वेळ व गावात फिरतानाचे अडखळणे लक्षणीयरीत्या कमी होते. इतर बदलांबाबत मात्र सावधगिरी हवी. खेळ ग्राफिक्स कार्ड ओळखण्यासाठी एका यादीचा आधार घेतो. तिच्यात नंतरच्या काळातील कार्डांची नावे नसल्याने उत्तम कार्डही त्याला अनोळखी वाटते. २०२१ मध्ये आलेल्या इंटेलच्या बाराव्या पिढीतील प्रोसेसरांत दोन भिन्न प्रकारचे कोअर एकत्र होते. अशा संगणकांवर हा खेळ सुरूच होत नसल्याचे आढळले आणि त्यावर खेळाडूंना स्वत:च तोड शोधावी लागली. नवे ते सर्व हितकारक, हा समज येथे खोटा ठरतो.

मॉड : औषध आणि अपथ्य

खेळाच्या मूळ आज्ञावलीत बदल करणाऱ्या, खेळाडूंनीच तयार केलेल्या जोडण्यांना 'मॉड' असे म्हणतात. 'द सिम्स ३' मधील पात्रांच्या वर्तनाच्या आज्ञा 'सी शार्प' या भाषेत असल्याने त्यांत असे बदल करणे जाणकारांना शक्य झाले. 'एनरास' या नावाने ओळखला जाणारा मॉडसंग्रह या दृष्टीने महत्त्वाचा आहे. त्यातील 'ओव्हरवॉच' हा मॉड रोज रात्री गावाची साफसफाई करतो, सोडून दिलेली वाहने हटवितो व अडकलेल्या पात्रांना मोकळे करतो. 'एरर ट्रॅप' हा मॉड आज्ञावलीतील चुका पकडून त्या दुरुस्त करण्याचा प्रयत्न करतो. मूळ कंपनीने अपुरे सोडलेले देखभालीचे काम खेळाडूंच्या समुदायाने विनामूल्य पुढे नेले, ही सामाजिकदृष्ट्याही दखलपात्र घटना आहे.

परंतु औषधाची मात्रा चुकल्यास तेच अपथ्य होते. परस्परविरोधी मॉड, जुन्या आवृत्तीसाठी लिहिलेले मॉड किंवा सदोष पोशाख व फर्निचर यांच्या फाईली खेळ कोसळण्याचे प्रमुख कारण ठरतात. शंभर फाईलींतून एक सदोष फाईल शोधावयाची झाल्यास एकेक तपासत बसणे व्यर्थ आहे. निम्म्या फाईली बाजूला काढून खेळ सुरू करावा. दोष कायम राहिल्यास तो खेळात असलेल्या अर्ध्यात आहे; नाहीसा झाल्यास बाजूला काढलेल्या अर्ध्यात आहे. दोषी अर्ध्याचे पुन्हा दोन भाग करावे. या रीतीने १००, ५०, २५, १३, ७, ४, २ अशी संख्या घटत जाऊन जास्तीत जास्त सात प्रयत्नांत सदोष फाईल हाती लागते. मात्र दोन फाईलींच्या परस्परविरोधातून दोष उद्‌भवला असेल, तर ही रीत अधिक काळजीपूर्वक वापरावी लागते.

रचनाकारांपुढील पेच

वरील सर्व उपाय खेळाडूच्या हातातील आहेत. मूळ पेच रचनाकारांपुढे असतो. संपूर्ण गाव जिवंत ठेवावयाचे की खेळाडूच्या डोळ्यांसमोरील भागच जिवंत ठेवावयाचा? २०१४ मधील 'द सिम्स ४' ने या प्रश्नाचे वेगळे उत्तर दिले. त्यात प्रत्येक जागा पुन्हा स्वतंत्रपणे मेमरीत आणली जाऊ लागली. एका घरातून दुसऱ्या घरी जाताना प्रतीक्षेचा पडदा परत आला. वेग व स्थैर्य सुधारले. परंतु खुल्या गावाची मोकळीक हरपल्याबद्दल अनेक खेळाडूंनी खंत व्यक्त केली. पुढे या भागालाही वाढत्या विस्तार संचांसोबत अनुकरण अडखळण्याच्या दोषाने गाठलेच. मार्च २०२५ मध्ये प्राथमिक स्वरूपात प्रसिद्ध झालेल्या 'इनझोई' या कोरियन खेळाने खुल्या शहराचा मार्ग पुन्हा स्वीकारला आणि त्यासाठी बऱ्याच शक्तिमान संगणकाची अपेक्षा ठेवली. यावरून हा पेच एका खेळापुरता वा एका काळापुरता मर्यादित नाही, हे स्पष्ट होते.

अध्यापनातील उपयुक्तता

संगणकशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमात मेमरी व्यवस्थापन, विखंडन, कॅश, द्विभाजन शोध, मार्गनिश्चिती हे घटक शिकविले जातात. विद्यार्थी त्यांच्या व्याख्या पाठ करतात. परंतु त्यांचा प्रत्यक्ष अनुभव त्यांना क्वचितच येतो. ज्या विद्यार्थ्याने जीवनानुकरणाचा खेळ खेळला आहे, त्याने हे सर्व घटक नाव न जाणता अनुभवलेले असतात. ३२-बिट पत्त्यांची मर्यादा हा परीक्षेतील दोन गुणांचा प्रश्न न राहता, त्याच्या कुटुंबाच्या चार पिढ्या का हरवल्या याचे उत्तर बनतो. शिक्षकाने हा दुवा जोडून दिल्यास विषय सुगम होईल.

दुसरा लाभ निदानाच्या शिस्तीचा आहे. महाविद्यालयातील प्रयोगशाळेत एखादी आज्ञावली मंद चालू लागली, की नव्या संगणकांची मागणी पुढे येते. ती मागणी कधी रास्त असते, कधी नसते. दोष प्रोसेसरचा, मेमरीचा, डिस्कचा की वर्षानुवर्षे साचलेल्या माहितीचा, हे आधी ठरविल्याशिवाय केलेला खर्च निष्फळ ठरण्याचा संभव असतो.

निष्कर्ष

१) जीवनानुकरणात्मक खेळातील कार्यक्षमता व स्थैर्य या भिन्न बाबी असून त्यांची कारणे व उपायही भिन्न आहेत. श्रम जपावयाचे असल्यास स्थैर्याला अग्रक्रम दिला पाहिजे.
२) 'द सिम्स ३' चे अस्थैर्य हे प्रामुख्याने ३२-बिट मेमरीची मर्यादा, क्रमाने चालणारे अनुकरण आणि जतन फाईलमध्ये साचणारा भार या तीन कारणांचा एकत्रित परिणाम आहे. केवळ यंत्रसामग्री वाढवून त्यांचे निराकरण होत नाही.
३) जतनाची शिस्त, मर्यादित बैठक, कॅश फाईलींची सफाई आणि गावाचा भार हलका करणे हे विनाखर्च उपाय आधी योजावेत, खरेदीचा विचार शेवटी करावा.
४) खुल्या गावाचा जिवंतपणा आणि खेळाचे स्थैर्य यांत प्रत्येक रचनाकाराला तडजोड करावी लागते.

समारोप

ज्या खेळाची प्रेरणा एका जळालेल्या घराच्या पुनर्उभारणीतून आली, त्या खेळाने खेळाडूंपुढेही अखेर तोच प्रश्न ठेवावा, हा योगायोग अर्थपूर्ण आहे. संसारात नेमके काय राखावयाचे आणि काय सोडून द्यावयाचे, हा तो प्रश्न होय. गावातील प्रत्येक वाहन, प्रत्येक वस्तू, प्रत्येक आठवण जपण्याचा हट्ट धरल्यास सारे गावच हातचे जाण्याचा धोका असतो. काय सोडावयाचे याचा विवेक केल्यास त्याच जुन्या यंत्रावर, त्याच मर्यादेत, चार पिढ्यांचे कुटुंब पाचवी पिढीही पाहू शकते.